पांढरा रस्सा फुटू नये म्हणून

आमच्या कोल्हापुरातल्या घरी हा रस्सा पणजीकडून आज्जीकडे आला आणि आज्जीकडून थेट माझ्याकडे. मधे आई सुटली, कारण ती माळकरी. मापं कुणीच लिहून ठेवली नव्हती. खालचे आकडे मी आज्जीच्या मुठी मोजून काढलेत.

1 किलो मटण घ्या, हाडांसकट, त्यात नळ्या हव्यातच. बोनलेस घेणार असाल तर सुकं करा, रश्श्याच्या वाटेला जाऊ नका. आलं-लसणाचं वाटण, मीठ आणि दीड-दोन लिटर पाणी घालून शिजवा. वर येणारी मळी काढत राहा, नाहीतर रस्सा राखाडी दिसतो. हळद अजिबात नाही. कुकर चालतो, पातेल्यात शिजवायचं तर झाकणीवर पाणी ठेवून, मंद आचेवर. शिजलेल्या मटणाचं हे पाणी म्हणजे अळणी. त्यातली पहिली वाटी पोरांची.

15 काजू, 2 चमचे खसखस, 1 चमचा पांढरे तीळ अर्धा तास गरम पाण्यात भिजवून गंधासारखं बारीक वाटा. तुपात लवंग, दालचिनी, वेलदोडे, मिरी, तमालपत्र आणि चार उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या टाका. मिरच्या वाटल्यात तर रस्सा हिरवट होईल. त्यावर वाटण घालून परता, पण रंग बदलू देऊ नका. अळणी ओता आणि दहा मिनिटं खळखळून उकळा. काय उकळायचं ते इथेच उकळून घ्या.

कारण आता नारळाचं दूध. बहुतेकांचा रस्सा इथेच मरतो. ‘दूध घालून छान उकळी येऊ द्या’ असं ज्यानं कुणी पहिल्यांदा सांगितलं, त्याला मी आमच्या घरी जेवायला बोलावणार नाही.

आखाडातल्या एका रविवारी, बाहेरच्या खोलीत बारा पाहुणे बसलेले असताना, मी हेच केलं. फ्रीजमधलं गार दूध उकळत्या रश्श्यात एकदम ओतलं आणि गॅस मोठा केला. दोन मिनिटांत वर तेलाचे डोळे, खाली पांढऱ्या कण्या आणि मधे पाणी. मी डाव घेऊन घुसळत बसलो. आज्जी डोकावली आणि एवढंच म्हणाली, “फुटला की रं. आता कशाला हलवतोस?”

नारळाच्या दुधात तेल आणि पाणी प्रथिनांनी धरून ठेवलेलं असतं. फार तापलं की प्रथिनं गोठतात आणि तेल मोकळं होतं. आंबटपणा ते आणखी लवकर घडवतो, म्हणून लिंबू पातेल्यात नाही, ताटात पिळा. काजू-खसखशीचं वाटण रस्सा थोडाफार सांभाळतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

एका नारळाची काळी पाठ काढून खोबरं कोमट पाण्यात वाटा. पहिलं जाड दूध वेगळं ठेवा, दुसरं पातळ वेगळं. पातळ दूध मंद आचेवरच्या रश्श्यात हलवत घाला. ते थोडी ऊब सोसतं. मग गॅस बंद करा आणि पाच मिनिटं थांबा. हे थांबणं कुणाला जमत नाही, मलाही जमत नव्हतं. जाड दुधात आधी दोन-तीन डाव गरम रस्सा मिसळून ते कोमट करून घ्या, मग ते पातेल्यात बारीक धारेनं, एकाच दिशेनं हलवत सोडा. पुन्हा गॅस लावायचा तर अगदी बारीक, आणि कडेला वाफ दिसली की बंद. बुडबुडा दिसला तर उशीर झालाय. वर झाकणही नको, आत उष्णता कोंडते.

दाट व्हावा म्हणून कॉर्नफ्लोअर किंवा साय घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांनी सूप करावं.

पाहुणे टप्प्याटप्प्यानं येणार असतील तर सगळ्या अळणीत दूध घालूच नका. लागेल तेवढाच रस्सा करा. तो गार झालाच तर पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवून ऊब द्या, थेट गॅसवर नाही. दूध न घातलेली अळणी उरली तर दुसऱ्या दिवशी तिच्यात ज्वारीची भाकरी कुस्करून खा.