उरण-पेणची मिठागरं आणि मागचे डोंगर: रोडबाईकवर या चुका टाळा

उरण-पेण पट्ट्यात रोडबाईक, म्हणजे अरुंद टायरची वेगवान सायकल, चालवणाऱ्याला एकाच सकाळी दोन अगदी वेगळे मुलूख मिळतात. एकीकडे खाड्या, खाजणं (खाडीकाठची सखल खारट जमीन), खारबंदिस्ती (भरतीचं पाणी अडवणारे बांध) आणि उरलीसुरली मिठागरं. दुसरीकडे चिरनेर, कर्नाळा, अलिबागच्या वाटेवरची कार्लेखिंड, आणि दम असेल तर पेणहून खोपोली गाठून पुढे बोरघाट. नवीन मंडळी तयारी करतात ती डोंगराची. सपाटीला चढच नाही, मग तिथे काय बघायचं, असं धरून चालतात. पण चढावर पायात गोळे येऊन थांबलेला सायकलस्वार असो की कुरकुरणारी चेन, दुखणं बहुतेक वेळा खाली मिठागरांपाशीच सुरू झालेलं असतं. म्हणून या लेखात सपाटीलाच जास्त जागा दिली आहे.

वारा न बघता मार्ग ठरवणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेत शिकतो आणि सायकल काढताना विसरतो. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो आणि तो बेताचाच असतो. ऊन चढून जमीन तापली की साधारण दहा-अकराच्या सुमारास तो फिरतो, समुद्राकडून आत येऊ लागतो, आणि मार्च ते मे या महिन्यांत दुपारी त्याला चांगलाच जोर असतो. खाजणात त्याला अडवायला झाड नाही, भिंत नाही. मीठ पिकायला उघडं ऊन आणि न थांबणारा वारा लागतो, म्हणून तर मिठागरं तिथे आहेत.

नेहमीचा बेत असा असतो: पहाटे ताज्या पायांनी डोंगर मारायचे आणि मग ‘आता सपाटच आहे’ म्हणत दुपारी पश्चिमेकडे परतायचं. इथेच घात होतो. हिशेब सोपा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. तुम्ही ताशी २५ किलोमीटरने जात आहात आणि समोरून ताशी १५ चा वारा आहे, तर अंगावर येणारी हवा ४० ची झाली. विरोध अडीच पटीच्या वर गेला. चढ निदान कुठेतरी संपतो, हा वारा घरापर्यंत सोबत करतो.

त्यामुळे क्रम उलटा करा. उजाडताना उरणच्या बाजूने निघा, खाजणाचा रस्ता वारा पडलेला असतानाच संपवा, चिरनेरला थांबा (१९३० च्या जंगल सत्याग्रहातल्या हुतात्म्यांचं स्मारक तिथे आहे, ते न बघता पुढे जाऊ नका), मग खारपाडा आणि तिथून उत्तरेला कर्नाळ्याच्या झाडीतून पनवेल. वारा सुटेपर्यंत तुम्ही डोंगराच्या आडोशाला पोचलेले असता.

तरीही वाऱ्यात सापडलात तर मीटरवरच्या वेगाकडे बघणं सोडून द्या. हात हँडलच्या खालच्या वळणावर, कोपर वाकवलेले, गिअर एक-दोन पायऱ्या हलका आणि पाय मिनिटाला ८५-९० फेऱ्यांनी फिरते ठेवा. जड गिअर दाबत वाऱ्याशी झुंजणारे पुढच्या चढावर हमखास उतरतात. गटात असाल तर एकामागे एक राहून पुढचा माणूस दर दोन-तीन मिनिटांनी बदला. आडव्या वाऱ्यात शर्यतीतले सायकलस्वार तिरकी रांग करतात, ती इथे करू नका. ती रांग अख्खा रस्ता खाते, आणि हा रस्ता ट्रेलरांचा आहे.

ट्रेलरच्या डाव्या बाजूला थांबणं

जेएनपीटी बंदरामुळे उरणच्या रस्त्यांवर दिवसरात्र कंटेनरचे ट्रेलर चालतात. सिग्नलला किंवा जॅममध्ये डावीकडच्या फटीतून पुढे सरकायची सवय शहरात लागलेली असते. ती इथे जीवघेणी आहे. लांब ट्रेलर डावीकडे वळतो तेव्हा त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत, आतल्या बाजूला कापत येतात. त्या फटीत असलेल्या माणसाला निसटायला जागा उरत नाही, आणि चालकाला तो आरशात दिसतही नाही. मागे थांबा. ट्रेलर पूर्ण वळू द्या. दोन मिनिटं गेली तर गेली.

ट्रेलर जोरात शेजारून गेला की हवा आधी बाहेर ढकलते आणि लगेच आत ओढते. अशा वेळी हँडल करकचून धरू नका, कोपर सैल ठेवा आणि डांबराच्या अगदी कडेला चिकटून चालू नका, नाहीतर सावरायला वाव राहत नाही. मागचा लाल दिवा दिवसाही चालू असू द्या.

आणखी एक. नकाशाच्या ॲपमध्ये मोटारीचा मार्ग निवडून येणारे अटल सेतूच्या तोंडाशी पोचतात. सेतूवर सायकलला मनाई आहे, मोटारसायकललाही आहे. मुंबईहून यायचं तर ठाणे खाडी वाशीच्या पुलावरून ओलांडा, किंवा भाऊच्या धक्क्याहून मांडव्याची रो-रो धरून अलिबागच्या बाजूने सुरुवात करा.

भरती न बघणं

खारबांधालगतचे सखल रस्ते अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओले होतात, पावसाळ्यात तर पाणी चढतंही. किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशेब लक्षात ठेवा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या आसपास, अष्टमीला सहाच्या आसपास, दुपारी आणि पहाटे दोन्हीकडे तोच आकडा. वेळ ढोबळ आहे, पण बेत आखायला पुरते. रस्त्यावर साचलेलं खाडीचं पाणी दिसलं तर त्यातून वेगात जाऊ नका. खाली खड्डा आहे की नाही ते कळत नाही, आणि ते पाणी बेअरिंगमध्ये गेलं की काय होतं ते खाली येतंच आहे.

पंक्चर काढलं, तरी पुन्हा बसलं

या भागात पंक्चर करते ती काच कमी, फुटलेल्या ट्रक-टायरमधली बारीक पोलादी तार जास्त. केसाएवढी तार रबरात रुतून बसते, बाहेरून दिसत नाही, आणि नवीन ट्यूब दहा मिनिटांत बसवते. म्हणून ट्यूब बदलण्याआधी टायर आतून पूर्ण चाचपा, पण थेट बोट फिरवू नका, रुमाल फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे तार आहे. जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा आणि व्हॉल्व्हपासून ते किती अंतरावर आहे ते टायरवर मोजा, म्हणजे शोधाशोध वाचते.

पॅच सुटतो त्याचं कारण बहुतेक वेळा घाम आणि खारट हात. ट्यूब गोड्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळवा, मग कानस मारा. सोल्यूशन लावून ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा. ओल्या सोल्यूशनवर पॅच दाबण्याची घाई जवळपास सगळेच करतात.

हवेबद्दल थोडं. २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ११०-१२० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरणं ही जुनी सवय आहे. सत्तर किलोच्या माणसाला ७०-८० पुरतात. दगडासारखं टायर इथल्या उखडलेल्या डांबरावर उड्या मारतं, हात बधिर करतं आणि वळणावर पकड सोडतं.

नुसतं पाणी पिणं

मिठागरात सावली नाही, आणि पांढऱ्या राशी व पाण्याचा पृष्ठभाग ऊन परत अंगावर फेकतात. हनुवटीच्या खाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही चेहरा भाजतो, तिथे सनस्क्रीन लावायचं कुणाला सुचत नाही. घामातून पाण्याबरोबर सोडियमही जातं. तीन-चार तास फक्त साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं: डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात. हे पाणी कमी पडल्याचं लक्षण समजून माणूस आणखी पाणी पितो, आणि प्रकृती आणखी बिघडते.

शहाळं छान, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, त्यामुळे ते एकटं पुरत नाही. मीठ घातलेलं कोकम सरबत चांगलं. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, ती पाऊण लिटरच्या बाटलीत पूर्ण रिकामी करू नका. कुणी असंबद्ध बोलू लागला किंवा तोल जाऊ लागला तर त्याला सायकलवर बसू देऊ नका. सावलीत न्या, अंग गार करा आणि थेट दवाखाना गाठा.

शहरातल्या गिअरवर डोंगर

कर्नाळ्याची खिंड फार तीव्र नाही, बोरघाट मात्र परीक्षा घेतो. पुढच्या चकतीला ३४ दात आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला २८ असतील तर मिनिटाला ६० फेऱ्यांवर ताशी सुमारे ९ किलोमीटर वेग लागतो. त्याहून हळू गेलात की गुडघ्यावर ताण. मागे ३४ दातांची चकती असेल तर तीच लय साडेसातवर टिकते. कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलण्याआधी आपला डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) तेवढे दात पेलतो का ते मेकॅनिककडून तपासून घ्या, कारण आखूड डिरेलर ऐन चढावर जाम होतो. आणि गिअर चढ सुरू होण्याआधी उतरवा. पेडलवर पूर्ण जोर असताना बदललेला गिअर चेन पाडतो.

उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका. रिमब्रेकच्या (चाकाच्या कडेला दाबून थांबवणाऱ्या ब्रेकच्या) सायकलवर रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. वळणाआधी दोन्ही ब्रेक एकदम नीट दाबा, वेग कमी करा, मग सोडा. पावसानंतर सावलीतल्या वळणांवर शेवाळ असतं, तिथे ब्रेकला हातही लावू नका.

मिठागरात सायकल घालणं

फोटोसाठी बांधावर सायकल नेणारे दरवर्षी दिसतात. तो बांध मातीचा आहे, पावसाळ्यानंतर माणसांनी हाताने रचलेला. कोंडीचा, म्हणजे मिठाच्या वाफ्याचा, तळ पायांनी तुडवून घट्ट केलेला असतो. अरुंद टायरची एक चाकोरी पडली तरी तिथून पाणी झिरपतं, आणि ज्या कोंडीत मीठ धरत होतं तिथली मेहनत वाया जाते. उरणची कितीतरी मिठागरं बंदराच्या आणि यार्डांच्या भरावाखाली गेली. जी चालू आहेत तिथे आपण कुणाच्या तरी कामाच्या जागेत उभे आहोत. सायकल रस्त्यावर ठेवा, मालकाला किंवा कामगारांना विचारा, मग चालत जा. आगरी माणूस आपुलकीने सगळं दाखवतो, विचारलं तर.

घरी येऊन सायकल भिंतीला टेकवणं

मीठ कोरडं असलं तरी गप्प बसत नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतः विरघळतं. आपल्या किनाऱ्यावर रात्री आर्द्रता सहज तेवढी असते. म्हणजे संध्याकाळी कोरडी वाटलेली चेन सकाळी खाऱ्या ओलीत भिजलेली असते.

त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. बादली आणि तांब्या पुरे. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशरच्या पाइपने धुतलं तर मीठ आणि पाणी दोन्ही हबच्या (चाकाच्या मध्याच्या) व हेडसेटच्या (हँडलखालच्या सांध्याच्या) बेअरिंगमध्ये शिरतं. चेन फडक्याने कोरडी करा. डब्लूडी-४० फवारून काम झालं असं समजू नका. ते पाणी हटवतं, वंगण म्हणून टिकत नाही. ते पुसून टाका आणि प्रत्येक कडीला चेनचं तेल एकेक थेंब द्या, वरचं जादा तेल पुसा. डिस्कब्रेक असेल तर फवारा रोटरपासून (ब्रेकच्या चकतीपासून) लांब ठेवा, पॅडने तेल प्यायलं की तो पॅड बहुधा फेकूनच द्यावा लागतो.

सीटपोस्टकडे, म्हणजे सीटखालच्या दांड्याकडे, तर कुणी बघतच नाही. ॲल्युमिनियमचा पोस्ट पोलादी किंवा कार्बनच्या फ्रेममध्ये असेल आणि मध्ये खारं पाणी उतरलं, तर दोन पदार्थांमध्ये विजेसारखी क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम गंजतं, फुगतं आणि पोस्ट फ्रेमला धरून बसतो. मग तो काढताना फ्रेमच जायची वेळ येते. दर महिन्याला उंचीची खूण करून पोस्ट बाहेर काढा, पुसा, धातूच्या फ्रेमला ग्रीस आणि कार्बनला कार्बनची पेस्ट लावून परत बसवा. बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू आणि स्पोकची निपलं (स्पोक रिमला आवळणारी छोटी बोंडं) त्याच दिवशी बघून घ्या. निपलावर पांढरी पावडर दिसली तर स्पोक तुटायची वाट न पाहता चाक मेकॅनिकला दाखवा.