गोठ्यातली थंडी: नव्याने जनावरं पाळणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

लग्न होऊन आले त्या पहिल्याच डिसेंबरात आमची चार करडं आठ दिवसांत गेली, आणि त्यात माझा हात होता. मी पुण्यात, धनकवडीत वाढलेली. थंडी म्हटलं की खिडक्या लावून घ्यायच्या, एवढंच मला माहीत. म्हणून शेळ्यांच्या खोपीला चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळली आणि उरलेल्या फटींत पोती कोंबली. पहाटे ताडपत्री उचलली की मुताच्या उग्र वासाने डोळ्यांना पाणी यायचं. मला वाटायचं, वास आहे म्हणजे आत ऊब आहे. चौथ्या दिवशी करडं ठसकायला लागली, मग नाकं वाहायला लागली, मग आईला प्यायची थांबली. डॉक्टर आले. करडांना हात लावायच्या आधी त्यांनी ताडपत्री ओढून काढली.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा माहेरी गेल्या होत्या. परत आल्यावर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पोरी, जनावराला थंडी नाय मारत. ओल मारती."

त्याला आता नऊ हिवाळे झाले. आमचं गाव पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात, राजगुरुनगरच्या पूर्वेला, भीमेच्या काठाला. सहा संकरित गाई, एक मुऱ्हा म्हैस, चौदा उस्मानाबादी शेळ्या आणि दारातल्या कोंबड्या. राबायला आम्ही घरचे चौघं. गड्याला पगार देऊन एवढ्या जनावरांत काही उरत नाही, हे आधीच सांगते. पन्नास गाईंचा गोठा घालणाऱ्यांनी दुसऱ्या कुणाला विचारावं.

आपल्याकडची थंडी म्हणजे पहाटे दहाच्या आसपास उतरणारा पारा, नदीकाठाला त्याहून दोन-तीन अंश कमी, आणि दुपारी पुन्हा अठ्ठावीस-तीस. होल्स्टिन या विदेशी जातीचं रक्त असलेल्या संकरित गाईला ही थंडी सोसतेच, उलट मानवते. उन्हाळ्यात धापा टाकणारी हीच गाय डिसेंबरात दोन लिटर जास्त देते. धोका असतो तो वासरांना, करडांना, नुकत्याच व्यालेल्या आणि पोटाला कमी पडलेल्या जनावरांना. कोरड्या जागेवर, पोट भरलेलं आणि अंगावर थेट वारं न येणारं वासरू या थंडीत मजेत राहतं. ओल्या शेणात बसलेलं राहत नाही.

म्हणून ताडपत्री आता आम्ही फक्त उत्तरेच्या आणि पूर्वेच्या अंगाला बांधतो, तीही जमिनीपासून चार फुटांपर्यंत. वरचा भाग जाळीचा, उघडा. वास जाईल एवढी हवा खेळली पाहिजे. खाली उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला, टाकतो. नोव्हेंबरात तोडी सुरू झाल्या की ते हवं तेवढं मिळतं. रोज वरचं ओलं काढायचं, कोरडं पसरायचं, आठवड्याला चुना भुरभुरायचा. पाचट कोरडं आहे का हे हाताने कळत नाही, गुडघा टेकवून पाहायचं. दहा-बारा सेकंदांत साडी ओली झाली की बदलायचं. लहान करडांना रात्री डालग्याखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, ठेवतो, त्यावर गोणपाट, पण कडेने बोटभर फट. बल्ब लावत असाल तर तार उंदरांच्या आणि शेळ्यांच्या तोंडापासून लांब ठेवा. पाचट आणि उघडी तार एका जागी नकोच.

आता चाऱ्याकडे येते, कारण नवे लोक हमखास इथेच फसतात. गाय घेताना हिशेब दुधाचा करतात, चाऱ्याचा कुणी करत नाही. आमचा मुख्य चारा मुरघास, म्हणजे हिरवा मका बारीक कापून, हवा न राहील असा दाबून मुरवलेला. त्याचा हिशेब असा: दिवसाला गाईमागे 15 किलो, सहा गाईंना 90 किलो, डिसेंबर ते मार्च असे 120 दिवस धरले तर 10,800 किलो. नासधूस धरून 12 टन. जुलैत पेरलेला एक एकर मका आम्हाला 15 टनांच्या आसपास हिरवा चारा देतो, म्हणजे जेमतेम जमतं. उरलं तर म्हशीला.

मका कधी कापायचा यावर दरवर्षी घरात वाद होतो. कणीस कोवळं असताना कापला तर मुरघास पाणचट होतो, वाळायला लागल्यावर कापला तर नीट दाबला जात नाही आणि बुरशी धरतो. दाणा चिकातून जरा घट्ट व्हायला लागला की कापायचा. कुट्टी करून मूठ आवळायची. बोटांतून पाणी ठिबकलं तर एक दिवस सुकवायचं. मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला तर बरोबर. मग बॅगेत भरून पायाने तुडवायचं, अगदी कंटाळा येईपर्यंत, कारण आत राहिलेली हवाच सगळं नासवते. 45 दिवसांनी उघडायचं. आंबूस वास आणि पिवळसर हिरवा रंग हवा. काळपट, कुबट निघालेला थर उकिरड्यावर टाकायचा. गाभण गाईला तर तो चुकूनही नाही. पहिल्या वर्षी जीव तुटला म्हणून मी थोडा म्हशीला घातला, आणि दोन दिवस ती गव्हाणीकडे बघेना.

नुसत्या ओल्या चाऱ्यावर दुधाला फॅट, म्हणजे स्निग्धांश, लागत नाही. ज्वारीचा नवा कडबा येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्यामुळे ऑक्टोबरात जुना कडबा संपत आलेला आणि भाव चढलेला. अशा वेळी आम्ही सोयाबीनचं भुसकट आणि भाताचा पेंढा धरतो. पेंढा तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातून येतो, वाड्याकडून, भाताची झोडणी झाली की. तो सत्त्वाला हलका असतो, पण रवंथाला काडी लागतेच.

लसूणघास ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचा. एकरी दहा किलो बी, पहिली कापणी दोन महिन्यांनी, मग दर 25-30 दिवसांनी. आम्ही पाच गुंठेच करतो. दव पडलेला लसूणघास सकाळी कापून तसाच उपाशी गाईपुढे टाकू नका, पोट फुगतं. आदल्या दुपारी कापून ठेवा आणि आधी मूठभर तरी कोरडं खाऊ द्या.

हिवाळ्यात फुकट दिसणारा चारा म्हणजे उसाचे वाढे, शेंड्याकडचा हिरवा भाग. शेजारी तोड लागली की दारात भारे येऊन पडतात आणि मामा, म्हणजे माझे सासरे, खुशीत असतात. वाढ्यांमध्ये ऑक्झलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. आठ-दहा आठवडे नुसत्या वाढ्यांवर ठेवलेली गाय व्यायली की तिसऱ्या दिवशी मान टाकून बसते. वाढे घाला, पण त्यावर चुन्याची निवळी शिंपडा, रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या आणि दुसरा चारा सोबत ठेवा. खनिज मिश्रणावर पैसे वाचवणारे मी पुष्कळ पाहिले, आम्हीही त्यात होतो.

पाण्याचं कुणी सांगत नाही. दूध म्हणजे जवळपास 87 टक्के पाणी. टाकीत रात्रभर गारठलेलं पाणी गाय तोंड लावून सोडते आणि संध्याकाळी बादली अर्धा लिटर कमी भरते. बोअरचं ताजं पाणी पहाटे कोमट असतं, ते त्याच वेळी हौदात सोडा. आमच्याकडे दिवसा लाईट असेलच असं नाही, पण असली तर दुपारी पुन्हा एकदा हौद भरतो.

लाळ्या-खुरकुताची लस सरकारी दवाखान्यातून वर्षातून दोनदा मोफत मिळते, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर आणि पुन्हा मार्चच्या सुमाराला. चार महिन्यांवरच्या सगळ्यांना टोचून घ्या. लसीनंतर दोन-तीन दिवस दूध घटतं, म्हणून पुष्कळ जण दारातून परत पाठवतात. उसाच्या तोडीला बीडकडून, नगरकडून बैलगाड्या येतात, एकाच हौदावर पाणी पितात, आणि रोग त्यांच्या खुरांबरोबर येतो. अंगात प्रतिकार तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात, तेव्हा गाड्या आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. 2022 साली लम्पी हा अंगावर गाठी येणारा रोग आला तेव्हा जनावरांचे बाजार बंद झाले होते. ज्यांनी त्याची लस टाळली त्यांच्या गोठ्यात काय झालं ते आम्ही शेजारी पाहिलं. कानातला बिल्ला मारून घ्या. बारा आकडी नंबर असतो, आणि 2024 मध्ये लिटरमागे अनुदान मिळालं तेव्हा बिल्ला नसलेले हात चोळत बसले. डॉक्टर मिळत नसेल तर 1962 ला फोन करायचा. पावसाळा संपला की जंताचं औषध द्यायचं, तेही डॉक्टरांना विचारून. गाभण जनावराला सगळी औषधं चालत नाहीत.

आमच्या भागात थंडीला आणखी एक पाहुणा असतो. ऊस उभा असतो तोवर बिबट्या त्यात असतो. तोड लागली की त्याचं घर उठतं आणि तो वस्तीकडे सरकतो. खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर, चारही तालुक्यांत हेच. तीन वर्षांपूर्वी आमची एक शेळी खोपीतून नेली. गेली ती पत्र्याच्या आणि भिंतीच्या मधल्या हातभर फटीतून. तेव्हा जमिनीपासून पत्र्यापर्यंत लोखंडी जाळी मारली. माझ्या ताडपत्रीच्या चुकीवरचा खरा उतारा हीच जाळी निघाली, हवा आत आणि बिबट्या बाहेर. जनावर गेलंच तर ते हलवू नका, 1926 या वन विभागाच्या नंबरवर कळवा, पंचनामा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही. अंधार पडल्यावर गवताला एकटं जायचं नाही, आणि वाकून गवत कापायचं तर नाहीच.

दुधाच्या पैशांचं थोडक्यात. थंडीत सगळ्यांच्याच गाई जास्त देतात, बाजारात दुधाचा पूर येतो आणि दर उतरतो. म्हणजे बादली भरलेली आणि दुधाचे पैसे तेवढेच. गाईच्या दुधाला 3.5 टक्के फॅट आणि 8.5 टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून दर ठरतो, त्याखाली गेलं की कपात. आमच्या गावातल्या एका संकलन केंद्रावर दोन महिने फॅट सारखं कमी लागायचं. भांडण्याऐवजी मी तेच दूध दोन बाटल्यांत भरून दोन ठिकाणी तपासलं, मग केंद्र बदललं. दिवाळीला डेअरीकडून वर्षाच्या दुधावर जो फरक मिळतो तो कपड्यांत जाऊ देऊ नका, त्यातून आधी पेंढा आणि पेंड भरा.

वसुबारसेला आत्याबाई उपास धरतात, गहू-मूग खात नाहीत, संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. मी गाय-वासराला हळदकुंकू वाहते आणि वाहता वाहता कास चाचपून घेते, बरगड्या मोजते, खुरं बघते. वर्षभरात एवढी शांत उभी राहिलेली गाय मला दुसऱ्या दिवशी मिळत नाही. एका वर्षी तिथेच एका सडाला गाठ लागली, दगडीची, म्हणजे कासेच्या आजाराची, सुरुवात, आणि वेळेत कळल्यामुळे सड वाचला.

थंडीत गाय विकत घेऊ नये असं नाही, पण चाकणच्या बाजारात भरलेली कास बघून भुलू नका. आदल्या वेळचं दूध न काढता तुंबवून आणलेली असते. गोठ्यावर जाऊन सकाळ, संध्याकाळ आणि पुन्हा सकाळ, अशा तीन धारा स्वतःसमोर काढायला लावा. विकणारा नको म्हणाला तर चहा पिऊन घरी या.

करडांचं मात्र आम्ही मुळापासूनच बदललं. शेळी पाच महिन्यांनी विते. जून-जुलैत बोकड मोकळा असला की करडं बरोबर नोव्हेंबर-डिसेंबरात, ऐन कडाक्यात पडतात. आता जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बोकड वेगळा बांधतो. करडं फेब्रुवारीच्या मध्यानंतर येतात, तोवर पहाटेची धार बोथट झालेली असते आणि पाचटही कोरडं खडखडीत असतं. बोकड मात्र तीन महिने रात्रभर ओरडतो. आत्याबाई म्हणतात, शेजारच्यांना सांगून ठेव, नाहीतर त्यांना वाटायचं बिबट्या आला.