कांदा-दह्याचं घरगुती ड्रेसिंग
विकतच्या सॅलड ड्रेसिंगमध्ये तेल-साखर किती, ते लेबलवर एकदा वाचाच. घरी पंधरा मिनिटांत होतं. अर्धा पांढरा कांदा (अलिबागचा मिळाला तर उत्तम, तो मुळातच गोडसर) बारीक चिरून १ चमचा लिंबूरस आणि चिमूटभर मिठात १० मिनिटं मुरू द्या. उग्रपणा उतरतो. लाल कांदा असेल तर चिरल्यावर आधी गार पाण्यातून काढा. मग ४ चमचे घट्ट दही, १ चमचा घाण्याचं शेंगदाणा तेल, भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून मिक्सर दोनदाच फिरवा. फार वाटलं की कांदा कडवट लागतो. काकडी, कोबी, मोडाचे मूग, कशावरही घाला. उरलं तर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवा.