सारंगखेड्याहून हाडकुळं घोडं आणताय? आधी ही तयारी करा

दत्तजयंतीच्या यात्रेत फासळ्या मोजता येतील असं घोडं घेतलं की घरी पोचताच भिजवलेला हरभरा, बाजरी, वर गूळ असा पाहुणचार सुरू होतो. घात तिथेच होतो. फार दिवस उपाशी राहिलेल्या अंगात फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम कमी पडलेलं असतं. पिठूळ, गोड चंदी (घोड्याचा दाणा) पोटात गेली की इन्सुलिन वाढतं, रक्तातले हे क्षार पेशींत ओढले जातात आणि हृदय अडखळतं. तीन ते पाच दिवसांत, कधी दहाव्या दिवसापर्यंतही, घोडं दगावू शकतं.

म्हणून घोड्याआधी चारा दारात हवा. वाळलेला लसूणघास सगळ्यात चांगला. त्यात पीठ-साखर कमी, प्रथिनं आणि क्षार भरपूर. अडीचशे-पावणेतीनशे किलोच्या घोड्याला पहिल्या दहा दिवसांसाठी साधारण 30 किलो लागेल, म्हणजे हिरवा 120 किलो तरी कापा. सावलीत वाळवा आणि पालटताना जपून. खरा कस पाल्यात, तोच झडून गेला तर हातात नुसत्या काड्या उरतात.

वजनासाठी शिंप्याची टेप पुरते. छातीचा घेर गुणिले घेर, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, सगळं सेंटीमीटरमध्ये, भागिले 11,880. घेर 150 आणि लांबी 140 आली तर वजन 265 किलोच्या आसपास.

पहिले तीन दिवस दर चार तासांनी 300 ग्रॅम, रात्रीसुद्धा. तागडीनं मोजूनच, पेंढी अंदाजानं टाकली की हमखास जास्त पडते. घोडं गव्हाण चाटत ओरडेल, तरी हात आवरा. चौथ्या दिवसापासून थोडं थोडं वाढवत सहाव्या दिवशी साडेतीन किलो, तीन वेळांत विभागून. दहाव्या दिवशी चार किलो. मग दादर ज्वारीच्या कडब्याची कुट्टी हळूहळू मिसळा. पाणी कायम समोर, मीठ चाटायला वेगळं.

चंदी दोन-तीन आठवड्यांनंतरच: भरडलेलं जव पाव किलो, दोन वेळा. तेल 50 मिलिपासून, दोन आठवड्यांत 200 पर्यंत. लीद पातळ झाली तर एक पाऊल मागे या.

खान्देशात घरोघरी सरकीची पेंड असते. ती घोड्याला नको. गुरांचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य तर मुळीच नको, त्यात मोनेन्सिन (गुरा-कोंबड्यांच्या खाद्यात मिसळतात ते औषध) असलं तर घोड्याचं हृदय निकामी होतं. बुरशी आलेला मका जाळून टाका, त्यानं घोड्याचा मेंदू जातो.

डॉक्टर पहिल्याच दिवशी बोलवा, जंताच्या औषधासाठी मात्र घाई नको. आधी लीद तपासू द्या. दाढांना धारदार कडा आल्या असतील तर अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे गोळे खाली पडलेले दिसतील. रक्ताच्या तपासणीत सर्रा, म्हणजे चावणाऱ्या माशांमुळे पसरणारा रक्तातल्या परजीवीचा रोग, शोधायला सांगा. तो असला तर कितीही चारा घाला, अंगाला लागत नाही. पाय किंवा पोटाखाली सूज, थरथर, बसलेलं न उठणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

बसायला जाड पाचट घाला, नाहीतर उघड्या हाडांवर जखमा होतात. थंडीत रात्री घोंगडी. पूर्ण भरून यायला सहा ते दहा महिने धरा. पाठीच्या कण्यावर मांस चढेपर्यंत खोगीर नको, वरात तर नकोच; दोर धरून थोडं चालवणं पुरे.