मुंबई–पुणे विमानाने? ‘५५ मिनिटं’ वाचून फसू नका

मामेभावाचा साखरपुडा कोथरूडला होता. आई आणि मावशी दादरहून सकाळी सातच्या शिवनेरीत बसल्या. मी मात्र शहाणा! सव्वानऊचं विमान, प्रवास ५५ मिनिटांचा, म्हणजे सव्वादहाच्या आत पुण्यात. पावणेबाराला हॉलवर पोचलो, तेव्हा दोघींचा दुसरा चहा चालला होता. ‘आलं का रे तुझं विमान?’ मावशीने विचारलंच.

चुकलं कुठे? पहिली चूक भागाकाराची. दोन्ही विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर जेमतेम १२० किलोमीटर. जेट विमान ताशी ८०० ने जातं, म्हणजे नऊ मिनिटं! पण तो वेग गाठायला उंची लागते आणि इथे वर चढेचढेतो खाली उतरायची तयारी सुरू होते. १०,००० फुटांखाली साधारणपणे २५० नॉट्सची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा असते. शिवाय मुंबईत वारा बहुतेक वेळा समुद्रावरून येतो, त्यामुळे पुण्याला निघालेलं विमान आधी पश्चिमेला, जुहूच्या समुद्रावर जातं आणि मग वळतं. सरळ रेष तिथेच संपली.

तिकिटावरची ५५ मिनिटं म्हणजे हवेतला वेळ नव्हे. विमान गेटवरून हलल्यापासून पुण्यात पार्किंगला लागेपर्यंतचा तो हिशोब आहे. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. उड्डाणाची रांग त्या ५५ मिनिटांतच धरलेली असते. प्रत्यक्ष उड्डाण अर्ध्या तासाच्या आसपास.

खरा वेळ जातो तो त्याच्या आधी आणि नंतर. सामानाचा काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून मी साडेसहालाच घर सोडलं होतं. आई-मावशींच्याही आधी! लोहगावला बॅगेच्या पट्ट्यापाशी वीस मिनिटं, मग कोथरूडपर्यंत सगळं पुणे आडवं कापायचं. दारापासून दारापर्यंत सव्वापाच तास.

आणखी एक गोष्ट बघाच: विमान कुठून सुटतंय? टर्मिनल १ पार्ल्याच्या बाजूला, टर्मिनल २ सहारला. चुकीच्या दारात उतरलात तर पुन्हा रिक्षा शोधा. आता डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा उलव्याचा विमानतळही सुरू झालाय, तिकिटावरचा कोड एनएमआय. घाईत तिकीट काढणाऱ्याला दोन्हीकडे ‘मुंबई’च दिसतं. दादरकराला उलव्याला जायचं तर अटल सेतू गाठायचा. म्हणजे पुण्याचा निम्मा रस्ता तसाही झाला की!

परदेशातून येऊन मुंबईत विमान बदलायचं असेल, तर मात्र पुण्याचं विमान सोयीचं पडू शकतं. फक्त दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये घ्या. सामान बहुधा मुंबईतच ताब्यात घेऊन कस्टम्समधून न्यावं लागतं, तेवढा वेळ मध्ये ठेवा. तिकिटं वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्याचे पैसे गेले समजा.