शक्तिमानची डिझेल लाइन खोलायच्या आधी

आधी वायसर, म्हणजे बोल्टाच्या जोडात बसायच्या चकत्या. तांब्याचे. बाकीची यादी नंतर वाचा, आधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाऊन वायसर घेऊन या. मागच्या हंगामात मी सगळं आणलं आणि तेवढंच विसरलो.

गाडी शक्तिमान. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनायला लागली ती, लिलावातून दोन-तीन हात फिरून माझ्या परड्यात आलेली. फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) आणि दोन्ही फिल्टर खोलले, साफ केले, आणि जुनेच वायसर उलटे करून बसवले. म्हटलं, तांबं आहे, बसतंय. परड्यात चार दिवस गाडी झकास वाजली. पाचव्या दिवशी गगनबावड्याला निघालो. फुलेवाडी, बालिंगा, कोपार्डे, सगळं ठीक. कळ्याच्या पुढं चढाला लागलो आणि पाय दाबला तरी ओढेना, मग बंदच. लाइनीत अडकलेली एअर काढली, सुरू झाली. दोन किलोमीटरवर परत बंद. असं पाच वेळा. शेवटी रिकाम्या ट्रॉल्या कडेला सोडून उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं आम्हाला कळ्यापर्यंत ओढत आणलं. लष्कराचं धूड उसाच्या ट्रॅक्टरमागं. पोरांनी फोटो काढले.

चूक कळायला अजून एक दिवस लागला, कारण मी ओल शोधत होतो. टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघितला, एक थेंब नाही. मिस्त्री आले, वाकलेसुद्धा नाहीत. म्हणाले, “डिझेल भाईर येत न्हाई म्हंजे वारं आत जातंय की.” टाकी खाली, फीड पंप वर. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्या टप्प्यात जोड ढिला असेल तर डिझेल गळत नाही, हवा आत खेचली जाते. फीड पंपाच्या पुढं दाब असतो, तिथं गळती डोळ्यांना दिसते. म्हणून टाकी भरलेली असताना गाडी शहाणी वागते आणि निम्म्यावर आली की नखरे सुरू.

काढलेला वायसर उजेडात धरून बघा. दोन्ही बाजूंना जुन्या बैठकीची गोल खाच पडलेली असते, नखाला लागते. बॅन्जो बोल्ट (ज्याच्या आतून डिझेल जातं तो पोकळ बोल्ट) परत आवळला की नवी बैठक त्या खाचेवर बरोबर येत नाही. शिवाय एकदा दाबलेलं तांबं कडक होतं, दुसऱ्यांदा दबत नाही. अगदीच अडलं तर ब्लो लॅम्पवर लालबुंद करून पाण्यात बुडवा, तांबं परत मऊ पडतं. पण ती रस्त्यावरची तोड आहे, घरी असताना कंजूषपणा कशाला? प्रत्येक बॅन्जोला दोन लागतात, पाइपच्या टोकाच्या कडीच्या अलीकडं एक, पलीकडं एक. व्हर्नियरनं बोल्ट मोजा. १४, १२, १०, ८ मिलिमीटर असे वेगवेगळे निघतील. प्रत्येक मापाचे मोजले त्याच्या दुप्पट घ्या, कारण एक तरी गवतात पडणार. दुकानदार “बघा, हे पण चालतील” म्हणून ॲल्युमिनियमचे देईल. माप बरोबर असेल तर वाईट नाहीत, पण मोठा वायसर लहान बोल्टवर घालू नका. आणि बोल्ट गळतोय म्हणून त्यावर नळाची पांढरी टेप गुंडाळायची नाही, गुंडाळायची नाही. तिचा तुकडा सुटला की थेट पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो.

आता बाकीचं. पाने, ट्रे, हातमोजे वगैरे असतीलच. पुसायला जुनी सुती ओढणी किंवा धोतर घ्या, कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत पोचतात. खोललेल्या प्रत्येक तोंडाला लगेच टोपी. मोठ्या पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी, म्हणजे प्लंजर आणि बॅरल, यांच्यामधली जागा केसाहूनही बारीक असते, आपल्या परड्यातल्या धुळीला तिथं परवानगी नाही. शिरोलीच्या बाजूला एखाद्या फाउंड्रीशेजारी काम काढणार असाल तर आणखी जपा, तिथली काळी धूळ हवेतच असते.

टाकी आधी. तळाचा प्लग काढून पहिला लिटर काचेच्या बरणीत घ्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी खाली पाण्याची रेघ दिसेल, कधी त्यावर काळसर चिकट साय. पाणी आणि डिझेल जिथं भेटतात तिथं जीवाणू वाढतात, ती त्यांची घाण. वापरात नसलेली गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीनं उभी ठेवली की हे होणारच, आणि २०१९ किंवा २०२१ च्या पुरात उभी राहिलेली गाडी कुणी स्वस्तात दिली असेल तर झाकणाकडं बघायच्या आधी तळाकडं बघा. गंज फार असेल तर टाकी उतरवून आत साखळीचा तुकडा आणि थोडं डिझेल घालून हलवा. भोक असेल तर रिकामी टाकी म्हणून वेल्डिंगला नेऊ नका. डिझेल संपलं तरी वाफ संपत नाही. हे काम माहीतगाराचंच. झाकणाचं हवेचं भोक टाचणीनं मोकळं करा, ते बुजलं तरी गाडी वीस मिनिटांनी मरते आणि उभी राहिली की परत जिवंत होते. सक्शन पाइपच्या टोकाची जाळी बघा. रबरी पाइप बाहेरून नवे दिसले तरी आतून सोललेले असतात, बदलून टाका. आणि इथल्या प्रत्येक जोडाला नवा वायसर. हाच तो टप्पा.

फीड पंपाच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, ती निम्मे लोक उघडतच नाहीत. हॅन्ड प्रायमर, म्हणजे हातानं डिझेल भरायचा दट्ट्या, ओढून बघा, सैल पडला असेल तर तिथूनही हवा जाते. फिल्टर दोन्ही नवे, फिल्टरच्या वाडग्याच्या रबरी रिंगसकट. वायसर नवे.

मोठ्या पंपाला, म्हणजे नोझलना दाबानं डिझेल देणाऱ्या इंजेक्शन पंपाला, घरी हात लावायचा नाही. पंप मशिनवर लावून तपासणारा कॅलिब्रेशन बेंचवालाच ते करतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा डिझेल आहे, गंधक फक्त १० पीपीएम, आणि या पंपांची सील वेगळ्याच डिझेलवर म्हातारी झालेली असतात. ती आकसून पाझरतात. पंप बेंचवर गेलाच तर सगळी सील एकदम बदलायला सांगा. काढताना टायमिंगची खूण रंगानं केली नाही तर परत मला फोन करू नका.

नोझल काढले तर खालचा वायसर वेगळ्या जातीचा असतो, त्याच्या जाडीवर नोझलचं टोक किती बाहेर येणार ते ठरतं. जुना भोकातच चिकटून राहतो. वर दुसरा घातलात की दोन झाले आणि नोझलचं टोक पुरेसं बाहेर येत नाही. सहा नोझल, सहा जुने वायसर हातात मोजून मगच नवे. नोझल बाहेर काढून फवारा बघायचा मोह होतो, तेव्हा बोट समोर नको. ती धार कातडीत शिरते, वर फक्त टाचणीएवढी खूण दिसते आणि बोट जातं. खूण बारीक दिसते म्हणून घरी थांबू नका, थेट हॉस्पिटल.

एअर काढायचा क्रम टाकीकडून इंजिनाकडं. फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, प्रायमर मारत राहायचं, फेस थांबून सलग डिझेल येईपर्यंत. मग नोझलचे नट ढिले करून स्टार्टर, दहा सेकंद, थांबा, परत. डिझेल आलं की नट आवळून परत स्टार्टर. पांढरा धूर आला म्हणजे डिझेल पोचलं. काहीच धूर नाही म्हणजे पोचलंच नाही, उगीच बॅटरी मारू नका. हवा येतेय का हे बघायला फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक पाइप लावा, बुडबुडे दिसतात. तो नुसता तपासणीपुरता, नंतर काढा.

इंजिन पिसाटलं आणि बंदच होईना तर हवेच्या तोंडावर जाड फळी दाबायची, ती आधीच जवळ ठेवा. हात नाही, फळी.

आवळलं की पुसा, पाच मिनिटं चालवा, परत बघा. चढाचं बघायचं तर टाकी निम्मी करून पन्हाळ्याला जा, जवळ आहे, ओढून आणावं लागलं तरी स्वस्त पडतं. खिशात वायसरची पुडी.