जॉर्डनची ग्रुप टूर: पेट्रा आणि वाडी रम

जॉर्डन पास (पर्यटनस्थळांचं एकत्रित तिकीट) घरूनच, ऑनलाइन काढा. देशात किमान 3 रात्री राहणार असाल तर त्यात व्हिसाची फी माफ होते. तिथे उतरल्यावर घेतलात तर ही सवलत मिळत नाही. पेट्राला, म्हणजे डोंगरात कोरलेल्या प्राचीन शहराला, 2 दिवसांचा पास घ्या. 1 दिवसाच्या कार्यक्रमात बहुतेक ग्रुप 'खजिन्या'पाशी (ट्रेझरी, कड्यात कोरलेली प्रसिद्ध वास्तू) फोटो काढून माघारी फिरतात, म्हणजे निम्मं पेट्रा राहूनच जातं.

पहाटे 6 ला प्रवेशद्वारावर असा. आत जाण्याची वाट असलेली सिकची अरुंद घळ साधारण 1.2 किलोमीटरची आहे. 9 नंतर तिथे गर्दी होते, पण खजिन्यावर ऊनही साधारण तेव्हाच येतं. मधल्या वेळात राजकबरी पाहून परत या. अद-दैरच्या ('मठ' म्हणून ओळखली जाणारी, उंचावरची कोरीव वास्तू) 800 च्या वर पायऱ्या दुपारनंतर चढा, कारण तेव्हा वाट बरीचशी सावलीत असते. गुडघे दुखणाऱ्यांनी उतरताना जपावं, दगड झिजून गुळगुळीत झालेत. माणशी 2 लिटर पाणी हवंच. घोडा तिकिटात 'फुकट' असतो, पण टिप मागतातच. बसण्याआधी रक्कम ठरवा. पाऊस आला तर गाइडशी हुज्जत न घालता सिकमधून बाहेर पडा, डोंगरावरचं पाणी घळीत लोंढ्याने येतं.

वाडी रमच्या वाळवंटातल्या कॅम्पवर शाकाहारी मंडळींनी आधीच कळवावं. तिथलं बदाउनी जेवण 'झर्ब' वाळूत पुरलेल्या भट्टीत शिजतं. एकाच मांडणीवर मांस आणि भाज्यांच्या जाळ्या असतात, रस खाली ठिबकतो. रात्री थंडी कडक पडते, स्वेटर हाताशी असू द्या, बसच्या डिकीत नको.